कळशीच्या गळ्यातला पट्टा

नगरपालिकेच्या भुयारी गटार विभागात मी एकतीस वर्षं ओव्हरसिअर होतो. त्यामुळे माझ्या स्वतःच्याच मानेतला निचरा बंद पडला, तेव्हा गावात फारसं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. भेटायला आलेल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर तर सहानुभूतीच्या खाली थोडं समाधानही होतं. त्यांच्या गल्लीत दरवर्षी पाणी तुंबायचं.

नाव शशिकांत आवटी, वय सदुसष्ट, कारण तंबाखू. उजव्या गालात आतून जखम झाली, मिरजेला ऑपरेशन झालं, गालाचा तुकडा गेला, त्याबरोबर मानेच्या उजव्या बाजूच्या लसिकाग्रंथी काढल्या आणि वर तीस वेळा किरणं दिली. कर्करोग गेला. जाताना सूज ठेवून गेला.

ही सूज काय असते ते सांगायला मला डॉक्टर लागत नाही. रक्ताच्या बारीक नळ्या थोड्या पाझरतात. पाझरलेलं बरंचसं पाणी परत आत शोषलं जातं, उरलेलं गोळा करून नेण्यासाठी शरीरात दुसरं जाळं असतं, लसिकावाहिन्यांचं. रक्ताला हृदयाचा पंप आहे, या जाळ्याला तो नाही. आपण श्वास घेतला, गिळलं, मान हलवली, की त्या हालचालीनं आणि नळ्यांच्या स्वतःच्या आळसट आकुंचनानं हे पाणी पुढे सरकतं. म्हणजे कारभार नगरपालिकेसारखाच, कुणीतरी हललं तर होतं. ग्रंथी म्हणजे वाटेतली चेंबर. माझी चेंबर उपसून काढलेली होती आणि उरलेल्या नळ्या किरणांनी करपून चिकटल्या होत्या. आडवं झालं की पाणी चेहऱ्यात साठायचं. सकाळी उजवा गाल फुगलेला, हनुवटीखाली पिशवी, एक डोळा अर्धा मिटलेला. हे लोकांना दिसायचं. घसाही आतून तसाच सुजलेला असायचा, ते मला एकट्याला कळायचं. चहाचा घोट विचार करून गिळायचा. भाकरी दुधात कुस्करून, तीही मऊ भागाची. दोनदा घास अडकून दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी श्वासासाठी गळ्याला भोक पाडायची तयारी करून ठेवली होती.

यावर उपाय एकच होता, हात. आपल्याकडे मालीश म्हणजे तेल आणि जोर. लसिकेला दोन्ही चालत नाही. जोर लावला की नाजूक नळ्या दबून बंद होतात आणि तेल लावलं की हात नुसता घसरतो. कातडी किंचित सरकली पाहिजे, खालचं मांस हलता कामा नये. बहुतेक घरांत हे चार दिवसांत बिघडतं, कारण माणूस प्रेमानं जोर लावतो.

माझी बायको शैला आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. रेशमाच्या अस्तरावरची सुरकुती सारावी तसा तिनं हात चालवला आणि फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, तुम्हाला शिकवायचं काही राहिलं नाही. हनुवटीखालून कानामागे, तिथून गळपट्टीच्या हाडावरून उजव्या काखेत. मानेतली चेंबर नाहीत, तेव्हा पाणी पलीकडच्या वॉर्डात न्यायचं. रोज सकाळी पंचवीस मिनिटं. सहा वर्षं.

त्या पंचवीस मिनिटांत आम्ही बोलत नव्हतो. उरलेल्या दिवसातही फारसं नाही. जखम निघाली तेव्हा मी तंबाखू सोडली असं तिला सांगून नऊ वर्षं झाली होती. डबी ऑफिसच्या कपाटात, ड्रेनेजच्या नकाशांच्या मागे असायची, निवृत्तीनंतर घरी जुन्या डायऱ्यांच्या मागे. गालातली जखम मी आठ महिने दाढेचं टोक लागतं म्हणून खपवली. तपासणीचा कागद आला त्या दिवशी तिला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. ती भांडली नाही. भांडली असती तर मला उत्तरं येत होती.

तिची थोरली बहीण विमलाक्का गडहिंग्लजला शाळेच्या गणवेशांचं शिवणघर चालवते. चाळीस मशिनं आहेत आणि कापायला भरवशाचं माणूस नाही, म्हणून ती शैलाच्या मागे लागली होती. शैला तिला फोनवर सांगायची, "ह्यांची मान सुटू दे, मग येते. कायमची." हे ती एका हातात फोन धरून, दुसरा हात माझ्या मानेवर ठेवून सांगायची. मान सुटणार नाही हे तेव्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून घर चाललं होतं.

मग डॉक्टर तहसीन मुजावर आल्या.

मिरजेच्या एका रुग्णालयात त्या नव्या लसिकावाहिन्या उगवण्याचा अभ्यास करत होत्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि बोलता बोलता मध्येच गप्प होऊन कागदावर काहीतरी लिहायची सवय. त्यांनी मला केलेलं वर्णन असं. माझ्याच मांडीच्या कातडीतून या नळ्यांच्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या. केसाइतक्या बारीक, शरीरात विरघळणाऱ्या दोऱ्यांवर त्या बसवायच्या आणि दोरे मानेत कातडीखाली रोवायचे. द्राक्षाच्या वेलीला मांडव करतात तसं. पण वेल सूर्याकडे वाढते, आणि ही नळी पाण्याच्या ओढीकडे. कातडीखालचं पाणी ज्या दिशेला सरकतं, त्या दिशेला तिचं टोक रोज एखादा मिलिमीटर पुढे जातं. पाणीच नसेल सरकत, तर ती जागेवर वाळून जाते.

पाणी सरकवायला पट्टा होता. गळ्यात घालायचा, आत हवेच्या लहान लहान पिशव्या, एकामागून एक फुगायच्या आणि पाणी सरळ खाली गळपट्टीच्या हाडाकडे ढकलायच्या. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, सहा महिने. हातानं मालीश पूर्ण बंद, नाहीतर नळी पट्ट्यानं वाढली की हातानं, हे कळायचं कसं? अकरा रुग्ण होते. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, घरच्यांच्याही. शैलानं अर्ज दोनदा वाचला, मग सही केली. मी एकदाही न वाचता केली. ती सरकारी सवय.

दिवाळी झाली आणि दोरे रोवले. सहा वर्षांत पहिल्यांदा सकाळ रिकामी झाली. मी पट्टा घालून खुर्चीत बसायचो, पट्टा मांजरासारखा घुरघुरायचा, आणि शैला चहाचा कप घेऊन पायरीवर बसून रस्त्याकडे बघायची. तीन आठवड्यांत डोळा पूर्ण उघडायला लागला. चौथ्या आठवड्यात तिनं फोनवर विमलाक्काला सांगितलं की जूनच्या शाळांचं कापड बेतायला मी येईन. आणि माळ्यावरून मोठी बॅग काढून उन्हात ठेवली.

मी त्या बॅगेकडे दोन दिवस पाहिलं.

पट्ट्याला मोजणी होती. किती तास, किती दाब, आत ऊब आहे की नाही, सगळं परस्पर मिरजेला जायचं. पण चेंबरचं झाकण न उघडता तपासणीची नोंद कशी करायची, हे मला एकतीस वर्षांत पक्कं येत होतं. आमच्या विभागातले सगळेच त्यात वाकबगार होते. माझ्या निवृत्तीच्या साली गटारात सोडायला यंत्रघूस, म्हणजे पाहणी करणारा लहान रोबो, आणली, तिला शिकवायला आमच्या तीस वर्षांच्या तपासणी-डायऱ्या दिल्या. आठ दिवसांत ती शेडमध्ये बसूनच 'पाहणी केली, प्रवाह सुरळीत' असं कळवायला लागली. पुण्याहून आलेले इंजिनिअर तिच्यात बिघाड शोधत होते. बिघाड काही नव्हता. ती फार चांगलं शिकली होती.

तर मी मागच्या खोलीत कळशी ठेवली. कळशीला गळा असतो. तीत गरम पाणी भरलं की ऊबही येते. सकाळ संध्याकाळ एक तास पट्टा कळशीच्या गळ्यात घुरघुरायचा आणि मी शेजारी पेपर वाचायचो. शैला तेव्हा स्वयंपाकात असायची. माझा हिशेब सरळ होता, सूज राहिली तर ती राहील.

सूज राहिली नाही. मी उशी काढून सपाट झोपून पाहिलं. लोणचं, पापड, खारे दाणे, मीठ म्हणून जे जे मिळेल ते खाल्लं. तरी हनुवटीखालची पिशवी आठवड्या-आठवड्याला लहान होत गेली. जानेवारीत मी भाकरीचा पापुद्रा दुधाशिवाय गिळला. कळशी बरी होत होती ते ठीक, पण माझं काय चाललंय ते मला कळेना.

मार्चमध्ये चौथ्या महिन्याची तपासणी होती. शैला बरोबर आली. दिवे मंद करून डॉक्टरांनी माझ्या हनुवटीखाली हिरवट औषध टोचलं आणि मानेवर कॅमेरा धरला. पडद्यावर माझी मान काळी आणि तिच्यात औषध वाहील तिथे पांढऱ्या रेघा. मी आयुष्यभर असलेच नकाशे पाहिले होते, त्यामुळे मला डॉक्टरांच्या आधी दिसलं. हनुवटीखालून एक चांगली जाड लाइन निघाली होती. कानामागून वळून, दोरे सोडून, गळपट्टीच्या हाडाला ओलांडून ती काखेच्या दिशेला गेली होती.

तहसीनबाईंनी आधी कागदावर दोन ओळी लिहिल्या. मग त्यांनी सांगितलं, बाकीच्या दहा जणांच्या नळ्या दोन-तीन सेंटिमीटर जाऊन थांबल्यात. ही पहिलीच, जिच्यातून पाणी खरंच वाहतंय. पट्ट्याची दिशाच चुकली असणार, काखेकडे ढकलायला हवं होतं. तुमचे तास शंभर टक्के भरलेत काका, त्यामुळे शंका नाही. सोमवारी पत्र पाठवते, सगळे पट्टे बदलू, आणि पुढच्या टप्प्यात तीनशे रुग्ण घेऊ. बोलताना त्या हसत होत्या. चार महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला त्या वेळी आमच्या विभागातला सफाई कामगार नामदेव आठवला. त्याला बावीस नंबरच्या चेंबरमध्ये उतरवला होता तो माझ्या डायरीतली 'प्रवाह सुरळीत, वायू नाही' ही ओळ वाचून. ते झाकण मी दीड वर्षात उघडलेलं नव्हतं. नामदेव वाचला, पण बाहेर काढला तेव्हा निळा पडला होता, आणि पुढे त्याला जिना चढता आला नाही. मला कुणी काही विचारलं नाही, कारण नोंद व्यवस्थित होती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "पट्टा मी घातलेला नाही. डिसेंबरपासून."

"मग हे तास?"

"ते कळशीचे आहेत."

त्यांनी पेन उचललं. "कसली कळशी?"

"तांब्याची. गरम पाणी भरून. स्टीलची लवकर निवते."

त्यांनी ते लिहून घेतलं, धातूसकट. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि का म्हणून विचारलं. आवाजात राग नव्हता. राग यायलाही थोडी ताकद लागते.

शैला स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "मान सुटली की ही जाणार आहे."

मग शैला पडद्याकडे बघत डॉक्टरांना म्हणाली, "कळशीचं मला माहीत होतं. पाणी घ्यायला गेले तर ती घुरघुरत होती."

डिसेंबरातच तिनं पाहिलं होतं. मला काही बोलली नाही. दुपारी जेवून मी कॉटवर आडवा झालो की तासभर घोरतो. तेव्हा ती उशाशी बसायची आणि जुन्या वाटेनं हात फिरवायची, कानामागून काखेत, पंचवीस मिनिटं. मला कळायचं कारण नव्हतं. ऑपरेशनमध्ये बारीक नसा कापल्या गेल्यापासून माझी उजवी बाजू कानापासून खांद्यापर्यंत बधिर आहे. सहा वर्षं रोज सकाळी तो हात मला जाणवत नव्हताच. बांगड्यांच्या आवाजावरून मी समजायचो की आता कानापाशी आला, आता खांद्यापाशी. दुपारी ती बांगड्या काढून ठेवत असणार.

"काकू, तुम्हीपण सही केली होती," डॉक्टर म्हणाल्या.

"केली होती. पण ह्यांचा घसा पुन्हा बंद झाला असता तर तुमचा कागद काय करणार होता?"

माझ्या मनात काहीतरी एकदम वर आलं. मी म्हणालो, "म्हणजे शैला, माझ्यासाठी तू..."

"मला जायचं होतं म्हणून केलं," ती म्हणाली. "तुमची मान तशीच राहिली असती तर मी अजून सहा वर्षं तिथंच बसले असते."

डॉक्टरांनी मुद्दाम कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला घेतली. संशोधनात माणुसकीला एवढीच जागा असते, पण त्यांनी ती दिली.

मग त्या कामाला लागल्या. शैलाला त्यांनी टेबलावर टिश्यू पेपर ठेवून हात फिरवायला लावला आणि घड्याळ लावलं. एका फेरीला सात सेकंद, मग तेवढाच थांबा. पट्टा एका सेकंदात ढकलायचा आणि लगेच पुन्हा. कोवळ्या नळीला पाणी गिळून श्वास घ्यायला वेळच मिळत नव्हता, असा त्यांचा अंदाज. अंदाजच, त्या दोनदा म्हणाल्या. एका माणसावरून सिद्धांत होत नाही, त्यातून तो कळशीवाला. मला त्यांनी अभ्यासातून काढून टाकलं. अकराचे दहा झाले. नव्यानं अर्ज करायचा, समितीपुढे जायचं, मंजुरीला वर्ष-सव्वा वर्ष. सोमवारच्या पत्राची नोंद त्यांनी माझ्यासमोर खोडून टाकली आणि म्हणाल्या, चला, निदान तीनशे लोकांना चुकीच्या दिशेला ढकललं नाही.

"आता तुम्ही अभ्यासात नाही, त्यामुळे तुम्हाला नियमही नाही," निघताना त्यांनी सांगितलं. "लाइन काखेपासून चार सेंटिमीटर अलीकडे आहे. ती काखेतल्या ग्रंथीला मिळाली की झालं. पुढे हात लागणार नाही. चाळीस दिवस धरा. मध्येच सोडलंत तर मागे वाळत येईल."

परतीच्या एसटीत मी शैलाला सांगितलं की तुला जायचं असेल तर उद्या जा. चाळीस दिवस मी पट्टा घालीन, खरोखर घालीन.

"पट्टा दुसरीकडे ढकलतो," ती म्हणाली. "इतकं शिवून झाल्यावर शेवटची टीप उसवायची नसते."

तर चाळीस दिवस. आता दुपारी चोरून नाही, सकाळी, मी जागा असताना. तिनं आठव्या की नवव्या दिवशी विचारलं, तंबाखू पुन्हा धरली ती नेमकी केव्हा? घरात कोण आजारी होतं का, ऑफिसात काही झालं होतं का? कारण सापडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि एक चांगलं कारण मला सुचलंही. नामदेवचं. तारखा साधारण जुळत होत्या.

"सोडलीच नव्हती," मी म्हणालो. "एक दिवससुद्धा नाही."

बांगड्या थांबल्या. सात सेकंदांपेक्षा जास्त. मग पुन्हा कानामागून निघाल्या. त्या दिवशी तिनं पंचवीसच मिनिटं मोजून केली, ना कमी ना जास्त. पण दुसऱ्या दिवसापासून ती थोडं बोलायला लागली. शाळेच्या पिनाफोरला किती चुण्या पडतात, विमलाक्काच्या कापणाऱ्यानं गेल्या वर्षी अडीचशे उजव्या बाह्या कापल्या आणि डावी एकही नाही, असलं. मी हसलो की गाल हलायचा आणि ती म्हणायची, हलू नका. क्षमेबद्दल तिनं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तपासणीत जे दिसत नाही त्याची नोंद करायची नाही, एवढं मी उशिरा का होईना शिकलो होतो.

एप्रिलच्या शेवटी पडद्यावर पांढरी रेघ काखेत शिरली आणि तिथं एक ठिपका उजळला. मुजावरबाईंनी त्याचा फोटो काढला. तो कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता, तरी काढला. पट्टा बंद केलेल्या दहा जणांच्या घरच्यांना हात शिकवायला शैला चार दिवस मिरजेला थांबेल आणि तशीच पुढे जाईल, असं त्या दोघींनी परस्पर ठरवलं होतं. बाई मला एकच म्हणाल्या. बाहेरचं मला दिसतं काका, पण घशात जड वाटतंय का, गिळताना अडतंय का, हे तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार. मी म्हणालो, घरी जाऊन नीट बघतो आणि कळवतो.

दोन दिवसांनी सकाळी आठला दारात रिक्षा उभी होती. बॅग रिक्षात गेली होती. शैला चपला घालून पुन्हा आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिनं माझ्या मानेकडे पाहिलं नाही, डोळ्यांकडे पाहिलं.

"घशात कसं वाटतंय? खरं सांगा. अजून अडत असेल तर मी राहते."

आत काय वाटतं ते कुठल्याही कॅमेऱ्याला दिसणार नव्हतं. 'थोडं' एवढा एक शब्द पुरला असता. ती बॅग परत आणायला गेली असती आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नसती, हे मला माहीत होतं. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"नाही अडत," मी म्हणालो. "मोकळं आहे."

तिनं मान हलवली. फडक्याखाली भाकऱ्या आहेत, आजच्या दिवस पुरतील, म्हणाली, आणि गेली.

मी मिरजेला फोन करून डॉक्टरांना तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग मी ताट वाढून घेतलं आणि भाकरीची कडेची बाजू मोडली, कडक, दुधाशिवाय. गिळताना कुठंही अडलं नाही. एक भाकरी संपायला तरी दहा वाजले.